लाल विंचू, एक गोळी आणि दोन वह्या

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

बचत गटात आपण हिशोबाला पक्क्या असतो. कोणी किती बचत भरली, कर्ज कोणाला दिलं, कोणाचा हप्ता राहिला, हे सगळं वहीत रुपयारुपयानं लिहिलेलं असतं. पण गावात आरोग्याची योजना आली की आपण दोनच गोष्टी विचारतो. फुकट आहे का? आणि कधी मिळणार? तिच्यावर खर्च किती झाला, त्यातून किती माणसं बरी झाली, तेवढ्याच पैशात दुसरं काही जास्त चांगलं झालं असतं का, हे कोणी विचारत नाही. ते साहेबांचं काम, असं म्हणून आपण चहा घेतो आणि उठतो.

हे काम आपलंही आहे. ते कसं, हे सांगायला मी आज आपल्याच जिल्ह्यातला इतिहास घेतला आहे. लाल विंचवाचा.

विंचू आपल्याला नवा नाही. भाताचा पेंढा ओढताना, माळ्यावरचं सरपण काढताना, गडग्याचे दगड हलवताना, वीटभट्टीवर विटा उचलताना तो भेटतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्यापेक्षा हा लहानसा तांबूस विंचू जास्त जहाल. कोकणपट्टीत या लाल विंचवानं किती पोरं नेली, ते जुन्या बायकांना विचारा. संध्याकाळी चावला, रात्रभर पोर घामानं भिजलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि सकाळी छाती भरून आली. मग कोणी म्हणायचं बाहेरचं झालं, कोणी म्हणायचं नशीब.

१९७६च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं; रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून लागलं. बिरवाडीत त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं येत होती आणि त्यातली काही मरत होती. पुस्तकात यावर फारसं काही लिहिलेलं नव्हतं. मोठं रुग्णालय दूर, यंत्रं नाहीत. मग डॉक्टरांनी केलं काय? रुग्णाजवळ बसून पाहिलं आणि लिहून ठेवलं. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, दम कधी लागला. एकेका रुग्णाची नोंद.

आरोग्याच्या हिशोबाचा पहिला नियम त्या नोंदींतच आहे. तो नीट समजून घेऊ या. गावात विंचू उतरवणारे असत, आजही आहेत. मंत्र म्हणतात, पाला लावतात, आणि पुष्कळ वेळा माणूस बरा होतो. का? कारण विंचू चावलेल्या बऱ्याच जणांच्या अंगात विष थोडंच जातं. जिथे डसला तिथे आग होते, ठणका लागतो आणि काही तासांनी उतरतो. मंत्र म्हटला तरी उतरतो, नाही म्हटला तरी उतरतो. पण श्रेय मंत्राला मिळतं. म्हणून नुसतं “बरा झाला” एवढं पुरत नाही. “हे केलं नसतं तर काय झालं असतं?” हा प्रश्न विचारावा लागतो. तुलना केल्याशिवाय कुठल्याही औषधाचा, कुठल्याही योजनेचा गुण कळत नाही.

नोंदी ठेवल्यावर डॉक्टरांना वेगळं चित्र दिसलं. घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही धोक्याची घंटा होती. ज्यांना ती लक्षणं होती, त्यांचा रक्तदाब आधी चढायचा, हृदयावर ताण यायचा आणि मग फुप्फुसात पाणी भरायचं. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. महाड तालुक्यातल्या माणसांचा घाम आणि नाडी जगभरच्या डॉक्टरांनी वाचली.

पुढचा प्रश्न उपचाराचा. आधी एक औषध सलाइनमधून थेंबथेंब देऊन पाहिलं गेलं. ते रक्तवाहिन्या सैल करायचं, हृदयावरचा भार उतरवायचा. गुण होता, पण अडचणही होती. थेंब कमीजास्त झाला तर रक्तदाब एकदम कोसळण्याची भीती, म्हणून कोणीतरी जाणकार माणूस सतत उशाशी हवा. जिथे एक डॉक्टर आणि बाहेर पन्नास माणसांची रांग, तिथे हे किती जणांना मिळणार?

मग आली प्राझोसिन नावाची गोळी. ती विंचवासाठी केलेली नव्हती. रक्तदाबाची म्हणून ती आधीपासून दुकानात मिळत होती. विंचवाचं विष शरीरात जे वादळ उठवतं, त्याला नेमकी उलट दिशा ही गोळी देते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती विंचवाच्या रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या, आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. गोळी येण्याआधी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसएक दगावत. गोळी वेळेत मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरात एक-दोनपर्यंत खाली आलं. पुढे २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल.

आता आपली वही काढू. सलाइनमधलं औषध आणि तोंडानं घ्यायची गोळी. गोळी काही रुपयांत मिळते. फ्रिज लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही, छोट्या केंद्राच्या कपाटात राहते. खर्च कमी आणि जीव जास्त वाचतात. दोन्ही बाजूंनी एकच पर्याय सरस असला की हिशोब सोपा असतो. बाजारात दोन कोळणींकडे एकच मासळी, एकीची ताजीही आणि स्वस्तही. तिथे कोणी विचार करत बसत नाही.

पण एक गोष्ट विसरू नका. गोळीची किंमत म्हणजे योजनेची किंमत नव्हे. गोळी कपाटात असली पाहिजे, तिची मुदत संपलेली नसली पाहिजे, रात्री अकराला कपाट उघडणारं माणूस हजर पाहिजे, आणि त्याला लाल विंचवाची लक्षणं ओळखता आली पाहिजेत. त्या माणसाचा पगार, त्याचं प्रशिक्षण, गाडीचं डिझेल, वापराविना फेकलेल्या गोळ्या, हे सगळं खर्चाच्या बाजूला मांडायचं. गटानं पापडाचा धंदा केला तर आपण नुसत्या उडदाच्या पिठाचा खर्च धरतो का? सरपण, पिशव्या, टेम्पोचं भाडं, तुटलेले पापड, सगळं धरतो. तसंच हे.

हिशोब अवघड कधी होतो, तेही महाडमध्येच दिसलं. मुंबईच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवाच्या विषावरची लस तयार झाली. म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन. आपण सर्पदंशाला घेतो त्या जातीचं. आता प्रश्न आला, गोळी असताना ही लस कशाला? बावस्कर दांपत्यानं सत्तर रुग्णांवर त्याची तुलना केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, म्हणजे कोणाला काय मिळेल हे डॉक्टरच्या मर्जीवर राहत नाही. पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि लस दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे किती झाले? नुसत्या गोळीच्या गटात ८, दोन्ही दिलेल्या गटात ३२. हे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे एकच पर्याय दोन्ही बाजूंनी सरस नाही. लस दिली तर खर्च वाढतो आणि फायदाही वाढतो. मग विचारायचं, जास्तीचा खर्च किती आणि जास्तीचा फायदा किती? खरी किंमत जागेनुसार, वर्षानुसार बदलते, म्हणून आपण समजुतीचा आकडा घेऊ. समजा लसीमुळे दर रुग्णामागे एक हजार रुपये जास्त लागले. पस्तीस जणांचे झाले पस्तीस हजार. लवकर बरे झालेले जास्तीचे किती? बत्तीस वजा आठ, चोवीस. पस्तीस हजाराला चोवीसनं भागा. एक जास्तीचा माणूस दहा तासांत बरा करायला साधारण साडेचौदाशे रुपये. एवढंच ते गणित. मोठ्या अहवालांत त्याला मोठी नावं असतात, पण आत हेच असतं: जास्तीच्या खर्चाला जास्तीच्या फायद्यानं भागणं.

साडेचौदाशे हे स्वस्त की महाग? ते नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्या केंद्राच्या कपाटात अजून गोळीच नाही, तिथे आधी गोळी ठेवली तर त्याच पैशात कितीतरी जास्त जीव वाचतील. जिथे गोळी कायम मिळते, तिथे पुढची पायरी म्हणून लस. म्हणजे योजना चांगली की वाईट एवढंच पाहायचं नसतं. आधी काय आणि नंतर काय, हेही ठरवायचं असतं. घरात पहिलं कर्ज आपण छप्पर गळतंय त्यासाठी काढतो, टीव्हीसाठी नाही.

आता जरा गडचिरोलीला जाऊ. महाडहून फार लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळ ऊबदार कसं ठेवायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कसं द्यायचं. तुलनेसाठी दुसरी ४७ गावं धरली, तिथे हे काम नव्हतं. तीन वर्षांत त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे दगावणाऱ्या नवजात बाळांची संख्या ६२ वरून २५-२६ वर आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापलं, आणि त्यात खर्चही दिला होता: एका बाळामागे ५.३ डॉलर, तेव्हाच्या भावानं दोनशे रुपयांच्या आतच. आणि दर अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता, पोटातल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा.

करा गुणाकार. अठरा गुणिले ५.३ म्हणजे साधारण ९५ डॉलर, तेव्हाचे साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्यात एक जीव. हा आकडा दिल्लीपर्यंत पोचला. आज बाळंतपणानंतर आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. देशभर २०११ पासून सुरू झालेल्या त्या घरभेटींच्या मागे गडचिरोलीच्या या कामाचा मोठा वाटा आहे. नुसतं “बायका छान काम करतात” असं म्हणून ते झालं नसतं. तुलना होती, खर्च होता, भागाकार होता. म्हणून ते कोणाला नाकारता आलं नाही.

पण हिशोबाला आणखी एक अडचण येते. विंचवाची गोळी, बाळाची घरभेट, म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, या तिघांची तुलना कशी करायची? एकात जीव वाचतो, दुसऱ्यात दृष्टी येते. १९९३ साली जागतिक बँकेच्या अहवालात यासाठी एक माप पुढे आलं. अकाली मृत्यूमुळे गेलेली वर्षं आणि आजारात किंवा अपंगत्वात गेलेल्या वर्षांचा भार एकत्र मोजायचा, आणि असं एक वर्ष वाचवायला किती खर्च आला ते काढायचं. सहा वर्षांच्या पोराला लाल विंचवापासून वाचवलं तर पुढची साठ-सत्तर वर्षं वाचली. म्हणून स्वस्त गोळीचं मोल या मापात फार मोठं दिसतं. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागानं २०१७ पासून औषधं, यंत्रं आणि योजना यांची अशी पारख करण्याची व्यवस्था उभी केली आहे.

या मापावर वादही आहेत. म्हाताऱ्या माणसाची वर्षं कमी उरली म्हणून त्याचं दुखणं हलकं ठरवायचं का? चार घरांच्या आदिवासी वाडीवर जायला जास्त खर्च येतो, म्हणून तिथे जायचंच नाही का? भागाकार या प्रश्नांची उत्तरं देत नाही. ती माणसांनी एकत्र बसून द्यायची असतात, आणि तिथे आपण बसलेल्या असलो पाहिजेत.

आता मूळ मुद्दा. वही दोन प्रकारची असते. एक सरकारची, एक घरची. आमच्या एका गटाच्या बैठकीत एका बाईच्या मुलीला विंचू चावल्याची गोष्ट निघाली. पेंढा काढताना चावला. रात्री टेम्पो केला, मुलीला मोठ्या दवाखान्यात नेलं, मुलगी वाचली. औषधाला पैसे पडले नाहीत. सरकारच्या वहीत काय लागलं असेल? काही गोळ्या, एक सलाइन, दोन दिवसांची खाट. मग आम्ही घरची वही मांडली. टेम्पोचे बाराशे. खाण्यापिण्याचे तीनशे. नवऱ्याची तीन दिवसांची मजुरी बुडाली, दिवसाला पाचशेप्रमाणे पंधराशे. झाले तीन हजार. लिहिणारी पेन बंद करणार, तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, “आणि हिचे तीन दिवस?”

सगळ्या गप्प. तीन दिवस ती मुलीच्या उशाशी बसली. अंगणात वाळत घातलेली सुकट उचलायला कोणी नव्हतं, ती वाया गेली. शेळ्या शेजारणीनं सांभाळल्या. सासूला गोळ्या द्यायच्या राहिल्या. पण तिच्या दिवसाला दर नव्हता, म्हणून वहीत तिच्या नावापुढे शून्य.

हे फक्त आपल्या गटात होत नाही, मोठ्या अहवालांतही होतं. नुकसान मजुरीवरून मोजलं, की जिला मजुरी मिळत नाही तिचं नुकसान शून्य येतं. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास त्यात जातात. ते काम करणाऱ्या पुरुषांचे जातात ९७ मिनिटं. हे पाच तास हिशोबात धरायच्या दोन रीती आहेत. एक, हेच काम करायला बाहेरची बाई ठेवली तर तिला किती द्यावे लागतील, तो दर. दुसरी, त्या वेळात ही बाई बाहेर कामाला गेली असती तर किती कमावलं असतं, तो दर. कुठलीही रीत घ्या, पण शून्य घेऊ नका.

शून्य घेतलं की काय होतं? उपकेंद्र बंद करून रुग्णांना वीस किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तर सरकारच्या वहीत बचत दिसते. एक पगार वाचला, एक इमारत वाचली. पण तो खर्च गेला कुठे? आपल्या टेम्पोत, आपल्या बुडालेल्या रोजात, आपल्या रात्रींत. खर्च नाहीसा झाला नाही, एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला. आणि दुसरी वही कोणी लिहीतच नसेल, तर कागदावर ही योजना फायद्याचीच ठरणार.

म्हणून माझं एक मागणं आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात बायका असतात, पुष्कळदा नुसत्या सहीपुरत्या. पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. हे काम केलं नाही तर काय होईल? तेवढ्याच पैशात दुसरं काय करता येईल? फायदा कोणाला मिळणार आणि कोण सुटणार? आणि खर्च कोणाच्या वहीतून जाणार? समितीचा निधी थोडा असला तरी प्रश्न तेच.

आणि गटाच्या वहीत एक पान आजारपणाचं ठेवा. महिन्यात कोणाच्या घरी काय झालं, दवाखाना किती लांब, गाडीभाडं किती, बाप्याचे किती दिवस बुडाले, बाईचे किती. वर्षभरानं बेरीज करा. ग्रामसभेत “आमचे फार हाल होतात” असं म्हटलं तर माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. “आमच्या बारा गटांचे वर्षाला इतके दिवस आणि इतके रुपये गेले” असं म्हटलं तर ते लिहून घ्यावं लागतं. बिरवाडीच्या केंद्रात एका डॉक्टरनं घाम आणि नाडी लिहून ठेवली, म्हणून जगानं ऐकलं. आपले दिवस आपण लिहू या.

जाता जाता एक सांगणं. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका, थेट आरोग्य केंद्र गाठा. ती गोळी घरी स्वतःच्या मनानं घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची असते. आणि आपल्या जवळच्या केंद्रात ती गोळी आहे का, हे विंचू चावायच्या आधीच विचारून ठेवा.